दट्ट्या की रोटर? दोन जुन्या जपानी गाड्यांची निवड

विजेचा दिवा घेताना आपण त्यावरील वॅटचा आकडा पाहतो, पंप घेताना अश्वशक्तीचा. मोटारगाडीच्या जाहिरातीतही अश्वशक्तीचाच आकडा ठळक छापलेला असतो. आकडा मोठा तर वस्तू चांगली, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला आणि ती परिस्थिती आपल्या वापरात कितीदा येते, हे क्वचितच कोणी विचारतो. या लेखात आपण हा प्रश्न दोन गाड्यांना विचारणार आहोत.

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या तरुणांपुढे असा पेच खरोखरच उभा राहतो. कॉलेज किंवा कचेरी तीस-चाळीस किलोमीटर दूर, बस नाही, आणि शिल्लक पहिल्या पगारातली. जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन जपानी गाड्या जवळपास सारख्या किमतीला दिसतात. दोन्ही देखण्या, वेगवान आणि मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या. एक निसानची ३५०झेड, दुसरी माझदाची आरएक्स-८. "सर, रोज चालवायची आहे. कोणती घेऊ?" असे एखादा जुना विद्यार्थी विचारतो. नवव्या-दहावीचे पदार्थविज्ञान हाताशी असेल, तर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपण कागदावर काढू शकतो.

दोन गाड्यांची ओळख

निसानच्या 'झेड' गाड्यांची परंपरा १९६९ पासूनची आहे. जपानात त्यांना फेअरलेडी झेड म्हणतात. त्यांपैकी ३५०झेड ही गाडी २००२ साली विक्रीला आली. तिच्यात साडेतीन लिटरचे (३४९८ घन सें. मी.), सहा सिलिंडरांचे एंजिन आहे. अमेरिकेतील सुरुवातीच्या नमुन्याची शक्ती २८७ अश्वशक्ती होती आणि ती मिनिटाला ६२०० फेऱ्यांवर मिळत असे. वजन सुमारे १४५० किलोग्रॅम, आणि बैठका फक्त दोन.

माझदा आरएक्स-८ ही गाडी २००३ ते २०१२ या काळात तयार झाली. तिचे एंजिन कागदावर अवघे १.३ लिटरचे, म्हणजे १३०८ घन सें. मी. आहे. तरीही सहा गिअरांच्या गाडीत ते मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर २३८ अश्वशक्ती देते. आधी हा आकडा २४७ असा जाहीर झाला होता. २००३ मध्येच कंपनीने तो दुरुस्त केला आणि अमेरिकेतील ग्राहकांची इच्छा असल्यास गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. तिचे वजन सुमारे १३७५ किलोग्रॅम आहे. बैठका चार, आणि दरवाजेही चार. मागचे दोन छोटे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले आहेत आणि पुढचे दरवाजे उघडल्यावरच ते उघडतात.

सव्वा लिटरहून थोडेसेच मोठे एंजिन साडेतीन लिटरच्या एंजिनाच्या इतके जवळ कसे जाते? त्यासाठी त्याच्या पोटात डोकावले पाहिजे.

रोटर कसा फिरतो?

नेहमीच्या पेट्रोल एंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो. ही सरळ रेषेतील गती क्रँकशाफ्टमुळे वर्तुळाकार होते. प्रत्येक फेरीत दट्ट्याला दोनदा थांबून उलट दिशेने निघावे लागते. यात धक्के आणि कंपने आलीच.

मुळातच फिरणारे एंजिन करता येईल का, या विचाराने जर्मनीतील फेलिक्स व्हँकेल (१९०२–१९८८) यांना झपाटले होते. एनएसयू या जर्मन कंपनीत त्यांच्या कल्पनेवरील पहिले एंजिन १९५७ साली चालले. पुढे हिरोशिमा येथील तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीने त्याचा परवाना घेतला.

दोन दाण्यांची, मध्ये जेमतेम आवळलेली भुईमुगाची शेंग उभी कापली तर जसा आकार दिसेल, तशी या एंजिनाची पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. हाच रोटर. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत चिकटलेली असतात. त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे होतात आणि रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होत जातो. कप्पा मोठा होताना मिश्रण आत ओढले जाते, लहान होताना ते दाबले जाते, मग ठिणगी पडते, जळलेला वायू प्रसरण पावून रोटर ढकलतो आणि शेवटी धूर बाहेर जातो. झडपा नाहीत, वरखाली होणारे काहीच नाही.

रोटरची एक फेरी होते तेव्हा मुख्य दांडा तीन फेऱ्या करतो. रोटरच्या तिन्ही बाजूंवर आळीपाळीने स्फोट होतो. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट. नेहमीच्या चार टप्प्यांच्या एंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. आरएक्स-८ मध्ये ६५४ घन सें. मी. चे दोन रोटर आहेत. त्यांची दट्ट्याच्या एंजिनाशी तुलना करताना १.३ ची दुप्पट, म्हणजे सुमारे २.६ लिटर धरणे न्याय्य ठरते. 'लहान एंजिनाचा चमत्कार' येथेच बराचसा उलगडतो.

आता एक गमतीचा हिशेब करू. दांड्याच्या एका फेरीत माझदाचे एंजिन १.३०८ लिटर मिश्रण घेते. ८५०० फेऱ्यांना ते झाले मिनिटाला सुमारे ११,१०० लिटर. निसानचे एंजिन दोन फेऱ्यांत ३.४९८, म्हणजे एका फेरीत १.७४९ लिटर घेते. ६२०० फेऱ्यांना ते झाले सुमारे १०,८०० लिटर. हिशेब ढोबळ आहे, पण दोन्ही एंजिने कमाल शक्ती देताना जवळजवळ सारखीच हवा गिळतात, हे त्यावरून दिसते. शक्ती मात्र एकाची २३८ अश्वशक्ती आणि दुसऱ्याची २८७. बाकीची कोठे गेली?

बशीतला चहा

घाईत असलेला माणूस चहा बशीत ओतून पितो. चहा तेवढाच, पण तो पसरला की त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता लवकर निघून जाते. रोटरी एंजिनाची अडचण नेमकी हीच आहे.

४ सें. मी. बाजूचा एक घन घ्या. घनफळ ६४ घन सें. मी. आणि पृष्ठफळ ९६ चौ. सें. मी. आता १६ सें. मी. लांब, ४ सें. मी. रुंद आणि १ सें. मी. जाड अशी वडी घ्या. घनफळ तेच ६४, पण पृष्ठफळ १६८ चौ. सें. मी. दट्ट्याच्या एंजिनातील ज्वलनाची जागा आटोपशीर असते. रोटरीतील जागा या वडीसारखी लांबट आणि चपटी असते, आणि ज्वलन चालू असतानाच ती पुढे सरकत असते. तेथील बरीच उष्णता काम करण्याऐवजी भिंतींना तापवते. चपट्या जागेच्या कडेकोपऱ्यांपर्यंत ज्योत नीट पोचत नाही, त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते.

परिणाम खिशाला जाणवतो. अमेरिकन सरकारी चाचणीत आरएक्स-८ शहरी व महामार्गाच्या मिश्र वापरात लिटरला सुमारे साडेसात ते आठ किलोमीटर जाते, तर ३५०झेड सुमारे साडेआठ. १.३ लिटरचे एंजिन साडेतीन लिटरच्या एंजिनापेक्षा थोडे जास्तच पेट्रोल पिते!

दुसरी अडचण रोटरच्या टोकांची. प्रत्येक टोकाला धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते. तिला सील म्हणतात. ती भिंतीवर सतत घासत जाते आणि शेजारच्या दोन कप्प्यांतील वायू एकमेकांत मिसळू देत नाही. सुरुवातीच्या काळात या पट्ट्या थरथरत आणि भिंतीवर आडवे चरे उमटत. जपानी तंत्रज्ञांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या तुकडीने ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनच्या पट्ट्या वापरून त्यावर मार्ग काढला आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आणली. १९९१ मध्ये चार रोटरांच्या माझदा ७८७बी गाडीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यतही जिंकली. तरीही सील ही या एंजिनाची नाजूक जागा राहिलीच. घर्षण कमी व्हावे म्हणून एंजिन स्वतःच ज्वलनाच्या जागेत थोडे थोडे तेल सोडते. म्हणजे आरएक्स-८ तेल खाते हा तिचा बिघाड नसून तिची रचनाच तशी आहे. पेट्रोल भरताना दर एक-दोन खेपांना तेलाची पातळी पाहणे तिच्या मालकाला चुकत नाही.

अश्वशक्ती आणि टॉर्क

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एंजिन दांड्याला जितक्या जोराने पीळ देते, त्याला टॉर्क म्हणतात. पान्याने नट फिरवताना हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी, तोच हा टॉर्क. त्याचे एकक न्यूटन-मीटर. शक्ती मात्र दोन गोष्टींवर अवलंबून असते : पीळ किती आणि फेरे किती.

शक्ती (वॅट) = २ × ३.१४ × दर सेकंदाचे फेरे × टॉर्क

निसानचा कमाल टॉर्क ३७१ न्यूटन-मीटर आहे आणि तो ४८०० फेऱ्यांना, म्हणजे सेकंदाला ८० फेऱ्यांना मिळतो. सूत्रात घाला : सुमारे १८६ किलोवॅट. माझदाचा कमाल टॉर्क २१६ न्यूटन-मीटर, ५५०० फेऱ्यांना. तेथे शक्ती सुमारे १२४ किलोवॅट. माझदाची कमाल शक्ती २३८ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १७७ किलोवॅट, तीही ८५०० फेऱ्यांना. याचा अर्थ असा, की माझदा जोराने ओरडत जेवढी शक्ती देते, तिच्याहून अधिक शक्ती निसानचे एंजिन ४८०० फेऱ्यांनाच देऊन मोकळे होते.

येथे कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, "सर, गिअर आहेत की!" बरोबर आहे. गिअर ही फिरती तरफ आहे. फेरे सोडून द्यायचे आणि पीळ मिळवायचा. माझदाच्या अभियंत्यांनी तेच केले आहे. पहिल्या गिअरचे आणि मागच्या आसावरील दंतचक्रांचे प्रमाण धरले, तर चाकांपाशी माझदाचा कमाल टॉर्क २१६ × ३.७६ × ४.४४ = सुमारे ३६०० न्यूटन-मीटर होतो, आणि निसानचा ३७१ × ३.७९ × ३.५४ = सुमारे ४९८०. एंजिनापाशी निसान ७२ टक्क्यांनी पुढे होती, चाकांपाशी ३८ टक्क्यांनी. वजनाचा फरक धरला तर आघाडी ३१ टक्क्यांवर येते. तरफेने बरेच अंतर भरून काढले, पण सगळे नाही. आणि या तरफेची किंमतही मोजावी लागते. सहाव्या गिअरात ताशी १०० कि. मी. वेगाने जाताना निसानचे एंजिन मिनिटाला सुमारे २२०० फेरे करते, माझदाचे सुमारे ३०००.

रोजच्या प्रवासाला किती शक्ती लागते?

सपाट रस्त्यावर ताशी १०० कि. मी. वेगाने जाताना एंजिनाला दोनच शत्रू असतात : हवेचा अवरोध आणि टायरांचे घर्षण. या आकाराच्या सुबक गाडीला हवेचा अवरोध सुमारे २८० न्यूटन आणि टायरांचा सुमारे १७० न्यूटन, मिळून ४५० न्यूटन. वेग सेकंदाला २७.८ मीटर. गुणाकार केला तर साडेबारा किलोवॅट, म्हणजे अवघी सतरा अश्वशक्ती!

जाहिरातीतील २३८ आणि २८७ हे आकडे आता कसे दिसतात? रोजच्या प्रवासात दोन्ही गाड्या आपल्या ताकदीचा लहानसा अंशच वापरतात. म्हणून रोजच्या गाडीबाबत विचारायचे ते असे : हे एंजिन थोड्या फेऱ्यांना, थोड्या शक्तीवर, वारंवार थांबत आणि सुरू होत किती सुखाने चालते?

एखादा ट्रक ओलांडायचा आहे असे समजा. पाच सेकंदांत वेग ताशी ८० वरून ११० वर न्यायचा. १४५० किलोग्रॅमच्या गाडीची गतिज ऊर्जा त्यासाठी सुमारे ३२० किलोजूलने वाढवावी लागते. अवरोध धरून सरासरी ७५ किलोवॅट हवेत. ३००० फेऱ्यांना एवढी शक्ती हवी असेल, तर टॉर्क सुमारे २३९ न्यूटन-मीटर पाहिजे. निसान तो सहज देते. पाचव्या किंवा चौथ्या गिअरात पाय दाबला की काम झाले. माझदाचा कमाल टॉर्कच २१६. तिला तिसऱ्या गिअरात आणावे लागते, म्हणजे फेरे ८० च्या वेगाला सुमारे ४७०० आणि ११० ला सुमारे ६५०० होतात. ती कामगिरी उत्तम पार पाडते, पण प्रत्येक वेळी चालकाने तयारीत राहिले पाहिजे.

माझदाची खरी बाजू वळणावर दिसते. तिचे एंजिन लहान, हलके आणि पुढच्या आसाच्या मागे बसवलेले आहे. वस्तुमान मध्याजवळ असले की गाडी वळवायला कमी पीळ लागतो. घेरी घेणारी नर्तिका हात जवळ घेताच वेगाने फिरते, त्यामागील तत्त्व हेच. पुढच्या-मागच्या चाकांवर वजनही जवळपास समसमान आहे. घाटातील वळणे आवडणाऱ्याला या गाडीने का वेड लावावे, हे यावरून कळते.

जुनी गाडी तपासताना

या गाड्या आता बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. त्यामुळे नमुन्याइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची असते ती त्या एका गाडीची प्रकृती.

रोटरी एंजिनाला छोट्या थंड फेऱ्या सोसत नाहीत. एंजिन थंड असताना सुरू करून, गाडी चार हात हलवून लगेच बंद केले, तर ठिणगीचे प्लग पेट्रोलने भिजतात आणि पुढच्या वेळी एंजिन सुरू होत नाही. सील झिजल्या की दाब कमी होतो. २००८ साली माझदाने अमेरिकेतील २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ साठी एंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती. त्यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते. ती मुदत आता संपून गेली आहे.

म्हणून आरएक्स-८ घेण्यापूर्वी दाबाची चाचणी करावीच. तीही रोटरीसाठी बनवलेल्या मापकाने. साधा दाबमापक एका रोटरच्या तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्या कप्प्याचाच दाब दाखवतो आणि अधू कप्पा लपून राहतो. प्रत्येक रोटरचे तीन, असे सहा आकडे पाहिजेत आणि ते एकमेकांच्या जवळ पाहिजेत. दुसरी, फुकटची चाचणी : गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून पूर्ण तापू द्यावी, बंद करावी, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. झिजलेले एंजिन तापल्यावर सुरू व्हायला कुरकुरते. विकणाऱ्याने "आधी गरम करून ठेवली आहे" किंवा "आता बंद करू नका" म्हटले, तर सावध व्हावे.

निसानचे एंजिन दणकट आहे, पण डोळे मिटून घेण्यासारखे नाही. २००५-०६ च्या काही एंजिनांबद्दल तेल खाण्याच्या तक्रारी आहेत. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे टायर वेडेवाकडे झिजत, तेव्हा टायरांवर तळहात फिरवून पाहावा. गिअर बदलताना खरखर होते का, ते ऐकावे.

दोन्ही गाड्यांना लागू असलेल्या गोष्टीही आहेत. थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. खारे पाणी लोखंड गंजण्याची रासायनिक क्रिया वेगाने घडवते, म्हणून गाडी उचलून खालची बाजू पाहावी. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो : पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाच खोल दिसली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. मागच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या ताकदवान गाडीत हे जिवावर बेतू शकते. विम्याचा हप्ताही आधी विचारून घ्यावा. तरुण चालकाला तो जड जाऊ शकतो.

मग कोणती?

एकटा माणूस किंवा दोघे, रोज शहरात थांबत-सुरू होत जाणे, अधूनमधून महामार्ग, आणि दुरुस्तीसाठी फारसे पैसे बाजूला नाहीत, अशी परिस्थिती असेल तर निवड निसान ३५०झेडची. थोड्या फेऱ्यांना तिचे एंजिन सुखी असते, आणि दट्ट्याचे एंजिन कोणताही चांगला कारागीर दुरुस्त करू शकतो.

घरात लहान मुले असतील तर दोन बैठकांची गाडी निरुपयोगी. तेथे टॉर्कचा हिशेब संपतो आणि आरएक्स-८ चा विचार करावा लागतो. पण सहाही आकडे चांगले आलेली गाडीच घ्यावी, एंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च बाजूला ठेवावा, आणि ती रोज नीट तापेपर्यंत चालवावी. रोजची फेरी जेमतेम दोन किलोमीटरची असेल तर ती घेऊच नये.

आकडे इतके बोलके असताना माझदाने रोटरी एंजिन सोडून का दिले नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर २०२३ मध्ये आलेल्या एमएक्स-३० च्या नव्या नमुन्यात सापडते. त्यात एकच रोटर आहे आणि तो चाके फिरवत नाही. विद्युत जनित्र फिरवून बॅटरी भरतो. लहान, हलके आणि कंपनरहित असणे हा गुण जेथे उपयोगी पडतो, ते काम त्याला मिळाले. यंत्र चांगले की वाईट हे त्याला कोणत्या कामाला लावले यावर ठरते. गाडी निवडण्यापूर्वी आपले रोजचे काम कागदावर लिहून काढावे, ते यासाठीच.

करून पाहा

१. साबणाच्या दोन सारख्या वड्या घ्या. एकीचे पातळ काप करा. दोन्ही सारख्या पाण्यात टाका. कोणती आधी विरघळते? पृष्ठफळाशी त्याचा संबंध जोडा.

२. घरातील किंवा शेजारच्या स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत कमाल टॉर्क आणि त्या वेळचे फेरे शोधा. वरील सूत्राने तेथील शक्ती काढा आणि कमाल शक्तीशी तुलना करा.

३. वेग ताशी १०० ऐवजी ५० कि. मी. केला, तर हवेचा अवरोध एक चतुर्थांश होतो आणि टायरांचा जवळपास तेवढाच राहतो. लागणारी शक्ती काढा. उत्तर साडेबारा किलोवॅटच्या निम्मे येते का? नसल्यास का येत नाही, याची वर्गात चर्चा करा.